वयाच्या नावावर खपणारी रक्ताची गाठ

न्हाणीघरात पाय घसरतो, डोके भिंतीवर आपटते, टेंगूळ येते आणि दोन दिवसांत बसूनही जाते. तीन-चार आठवड्यांनी तोच माणूस बोलताना अडखळतो, चालताना एक पाय ओढतो, भरदिवसा पेंगतो. घरचे म्हणतात, आता वय झाले. अनेकदा ते खरेही असते. पण कधी कधी कवटीखाली, ड्युरा या मेंदूच्या जाड आवरणाच्या आत, रक्त साठत गेलेले असते. डॉक्टर त्याला क्रॉनिक सबड्युरल हिमॅटोमा म्हणतात. ही गाठ सावकाश वाढते म्हणून ती सौम्य समजली जाते, आणि घात होतो तो याच समजुतीने. तिचा संथपणा शरीराच्याच दुरुस्तीच्या खटपटीतून आलेला असतो. निदान आणि उपचार या दोन्हींची दिशा त्यावरूनच ठरायला हवी.

१८५७ मध्ये रुडॉल्फ फिरशो यांनी हा आवरणाचा दाह मानला. १९१४ मध्ये विल्फ्रेड ट्रॉटर यांनी बोट ठेवले ते मेंदूकडून आवरणाकडे जाणाऱ्या बारीक शिरांच्या इजेवर. उतारवयात मेंदू थोडा आक्रसतो, या शिरा ताणल्या जातात आणि किरकोळ धक्क्यानेही पाझरतात. आज दोघांचेही म्हणणे अंशतः खरे ठरले आहे. सुरुवात बहुधा इजेने होते. मग साठलेल्या रक्ताभोवती शरीर पातळ पापुद्रा विणते. त्यात नव्या, कच्च्या रक्तवाहिन्या फुटतात आणि त्या पुन्हा गळतात. गुठळी विरघळवणारी द्रव्येही तिथेच तयार होत असल्याने ही गळती नीट थांबत नाही.  

१ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनच्या ॲटकिन्सन मॉर्ले रुग्णालयात गॉडफ्रे हाउन्सफिल्ड यांच्या यंत्रावर पहिल्या रुग्णाचा सीटी स्कॅन झाला आणि हे निदान मिनिटांवर आले. तरीही स्कॅन वाचणाऱ्याच्या नजरेचा कस लागतोच. ताजे रक्त पांढरे दिसते आणि जुने काळपट. मधल्या काही दिवसांत मात्र ते मेंदूइतकेच राखाडी असते. अशा वेळी वळ्यांमधल्या खाचा कवटीपर्यंत पोचतात का, मध्यरेषा सरकली आहे का, हे पाहावे लागते. दोन्ही बाजूंना गाठ असेल तर मध्यरेषाही जागच्या जागी राहते.

उपचाराचा कणा अजूनही कवटीला पाडलेली एक-दोन छिद्रे हाच आहे. ड्युरा आणि त्याखालचा पापुद्रा उघडला की जळक्या ऑइलसारखा काळा द्रव दाबाने बाहेर येतो. कोमट सलाइनने पोकळी स्वच्छ निघेपर्यंत धुतात. केंब्रिजमधल्या २००९ च्या चाचणीत यानंतर मऊ नळी ४८ तास ठेवली, तेव्हा गाठ पुन्हा होण्याचे प्रमाण २४ वरून ९.३ टक्क्यांवर आले आणि सहा महिन्यांतले मृत्यू १८.१ वरून ८.६ टक्क्यांवर. एक साधी नळी हा फरक घडवते. त्यापुढचा विचार पापुद्र्याला रक्त पुरवणारी धमनीच आतून बंद करण्याचा. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एम्बोलाइझ चाचणीत शस्त्रक्रियेला याची जोड दिल्यावर पुन्हा शस्त्रक्रिया करण्याची वेळ ११.३ ऐवजी ४.१ टक्के रुग्णांवर आली. अर्थात या प्रक्रियेतही पक्षाघाताचा धोका थोडा असतोच.

दाहच असेल तर स्टेरॉइड का नको, हा प्रश्न रास्त आहे. ब्रिटनमधल्या २०२० च्या चाचणीने त्याचे उत्तर दिले. डेक्सामेथासोनने फेरशस्त्रक्रिया कमी झाल्या, पण सहा महिन्यांनी बऱ्या स्थितीत असलेले रुग्ण ८३.९ टक्के होते आणि औषध न घेतलेल्यांत ९०.३. दुसरा आक्षेप असा, की प्रत्येक विसराळू वृद्धाचा स्कॅन करायचा का? तसे करण्याची गरज नाही. लहान, लक्षणे नसलेली गाठ सापडली तर तिच्यावर नुसती नजर ठेवणेही योग्य असते. मात्र बदल वर्षांत नव्हे तर आठवड्यांत झाला असेल, एका अंगात अशक्तपणा असेल, डोकेदुखी नवी असेल, माणूस पडला असेल किंवा रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, तर स्कॅन टाळू नये. या वयात ऑपरेशन झेपेल का, या काळजीपोटीही थांबू नये, कारण छिद्राची शस्त्रक्रिया अनेकदा फक्त जागा बधिर करूनही करता येते. स्मृतिभ्रंशाच्या बहुतेक प्रकारांत गेलेले परत मिळत नाही. इथे ते बरेचदा मिळते. म्हणून ‘वय झाले’ हा निष्कर्ष तपासणीनंतर काढावा, तपासणीऐवजी नव्हे.