मंत्रचळावर उपचार आहेत : योग्य उपचारक कसा शोधावा?



टोमॅटोच्या पानावर डाग दिसले की आपण ते पान घेऊन जाणकाराकडे जातो. करपा आहे की विषाणूजन्य रोग आहे, हे ओळखल्याशिवाय फवारणीचा खर्च करीत नाही. घरातील माणसाच्या मनाच्या आजाराबाबत मात्र आपण इतकी चौकशी करीत नाही. 'स्वभावच तसा', 'फार सोवळे पाळते', 'बाहेरचे काही असेल' असे म्हणत वर्षे निघून जातात. मंत्रचळ हा असाच एक आजार आहे. डॉक्टर त्याला ओसीडी म्हणतात. त्यावर खात्रीचे उपचार आहेत, परंतु ते जाणणाऱ्या माणसापर्यंत पोहोचावे लागते. जुन्नर व आंबेगाव तालुक्यांतील कुटुंबांनी त्यासाठी काय करावे, याची माहिती या लेखात दिली आहे.

सावधगिरी कोठे संपते?

असे समजा, की एक टोमॅटो उत्पादक फवारणी करून घरी येतो. साबणाने हातपाय धुतो, आंघोळ करतो, कपडे वेगळे धुवायला टाकतो. इथपर्यंत त्याचे बरोबर आहे, आपली शिफारसही तीच आहे. पण औषध अंगाला राहिले असेल या शंकेने तो पुन्हा आंघोळ करतो, मग तिसऱ्यांदा करतो. हाताची कातडी फुटते. लहान मुलाला तो जवळ घेत नाही. 'माझे हात स्वच्छ झाले ना?' असे बायकोला दिवसातून वीस वेळा विचारतो. पुढे औषधाच्या खोलीकडे जाणे बंद होते, मग प्लॉटवर जाणेही बंद होते. ऐन तोडणीत क्रेट भरायला घरचा कर्ता माणूस नसतो.

आपल्या भागात बिबट्याचा वावर आहे. रात्री गोठ्याची कडी लावून एकदा पाहणे हा शहाणपणा होय. मात्र तीच कडी पाहण्यासाठी रात्रीतून पंधरा वेळा उठणे, मोटारीचा स्टार्टर बंद आहे ना हे पाहण्यासाठी निम्म्या वाटेवरून पुन्हा पुन्हा परतणे, हे वेगळे आहे. पुढील तीन गोष्टी दिसल्यास आजाराची शंका घ्यावी :

१) नको असलेला विचार व तो शमविण्यासाठी करावी लागणारी कृती यांत रोज एक तास किंवा अधिक वेळ जातो.
२) हे जास्त होते आहे असे स्वतःला बहुतेक वेळा कळते, तरी थांबविता येत नाही.
३) शेतीकाम, शाळा, संसार किंवा झोप यांत अडथळा येतो.

हा आजार हात धुण्यापुरता नाही. कोणी मोजत राहतो, कोणी वस्तू एका रेषेत लावत बसतो, कोणाला देवापुढे बसले की अभद्र विचार येतात. एखाद्या आईला विळा हातात घेतला की 'माझ्या हातून लेकराला लागेल' असा विचार येतो. ती घाबरून विळ्याला हात लावणे सोडते आणि लाजेने कोणाला सांगत नाही. असे विचार तिच्या इच्छेविरुद्ध येतात. ती वाईट आई आहे असा त्यांचा अर्थ नाही. मंत्रचळात असा विचार येणारी माणसे त्याप्रमाणे वागत नाहीत, उलट त्या गोष्टीपासून दूर पळतात. उपचारकाला हे निःसंकोच सांगावे. त्याने असे रुग्ण पाहिलेले असतात.

आजार कसा वाढतो?

शंभर माणसांत एक ते दोन जणांना आयुष्यात कधी ना कधी हा आजार होतो. सुरुवात बहुधा शाळा-कॉलेजच्या वयात किंवा विशीत होते. आनुवंशिकता व मेंदूतील काही भागांच्या कामातील बदल ही कारणे त्यामागे असतात. संस्कार कमी पडले किंवा मन कमकुवत आहे म्हणून हा आजार होत नाही.

त्याचे चक्र समजून घ्यावे. आधी शंका येते, शंकेने भीती वाटते, भीती घालविण्यासाठी माणूस कृती करतो. कृती केली की थोडा वेळ बरे वाटते. हेच बरे वाटणे घातक असते, कारण मेंदू शिकतो की हात धुतले म्हणूनच आपण वाचलो. पुढच्या वेळी शंका अधिक जोराने येते. हरळीचा शेंडा खुडला तरी खालून ती पसरतच राहते, तसा हा प्रकार आहे.

उपचार कोणते?

पहिला उपचार म्हणजे भीतीला टप्प्याटप्प्याने सामोरे जाणे व नेहमीची कृती न करणे. त्याला थोडक्यात ईआरपी म्हणतात. लंडनचे मानसशास्त्रज्ञ व्हिक्टर मायर यांनी १९६६ साली दोन रुग्णांवर या पद्धतीने केलेल्या उपचाराची माहिती प्रसिद्ध केली. त्यानंतर जगभर त्यावर अभ्यास झाला आणि मंत्रचळासाठी बोलण्याच्या उपचारांत हाच उपचार प्रथम मानला जातो.

वरील टोमॅटो उत्पादकाचे उदाहरण घेऊ. उपचारक त्याच्याबरोबर भीतीची एक शिडी तयार करतो. खालच्या पायरीवर औषधाच्या खोलीच्या दारापर्यंत जाऊन येणे असेल. पुढे धुतलेले कामाचे कपडे अंथरुणावर ठेवणे, मग फवारणीनंतर एकदाच आंघोळ करून मुलाला मांडीवर घेणे, अशा पायऱ्या येतात. प्रत्येक पायरीवर भीती वाटते, पण तो पुन्हा हात धुवत नाही. काही वेळाने भीती आपोआप उतरते किंवा ती असतानाही काम करता येते, हे त्याला स्वतः अनुभवायला मिळते. या उपचारात खरे विष हाताळायला लावत नाहीत. फवारणीची योग्य दक्षता कायम ठेवायची असते, सुटायचा तो अतिरेक. साधारणपणे १२ ते २० भेटी लागतात आणि घरी रोज सराव करावा लागतो.

दुसरा उपचार औषधांचा. फ्लुओक्सेटिन, सर्ट्रालिन, फ्लुव्होक्सामिन, तसेच जुने क्लोमिप्रामिन ही औषधे मानसोपचारतज्ज्ञ देतात. उदासीनतेपेक्षा या आजारात मात्रा बहुधा जास्त लागते आणि गुण दिसायला ८ ते १२ आठवडे लागतात. पंधरा दिवसांत फरक नाही म्हणून औषध सोडू नये. या औषधांची व्यसनासारखी सवय लागत नाही, परंतु ती अचानक बंद करू नयेत. गुण आल्यावरही बहुधा एक ते दोन वर्षे ती चालू ठेवतात. आजार तीव्र असल्यास दोन्ही उपचार एकत्र करतात.

कोणाकडे जावे?

मानसोपचारतज्ज्ञ हा वैद्यकीय डॉक्टर असतो. तो निदान करतो व औषध देतो. चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ औषध देत नाही, तो ईआरपीसारखे उपचार करतो. त्याची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असते आणि ती पाहता येते. समुपदेशक धीर देऊ शकतो, परंतु प्रत्येक समुपदेशकाला ईआरपीचे शिक्षण मिळालेले असतेच असे नाही. सुरुवात पुढीलप्रमाणे करावी :

१) १४४१६ या क्रमांकावर फोन करावा. ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेली ही 'टेली मानस' सेवा मोफत असून दिवसरात्र चालते. मराठीत बोलता येते.
२) मंचरचे उपजिल्हा रुग्णालय किंवा जुन्नर, नारायणगाव, घोडेगाव येथील ग्रामीण रुग्णालय, यांपैकी जवळच्या ठिकाणी चौकशी करावी. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाचे डॉक्टर कोठे व कोणत्या दिवशी भेटतात, असे स्पष्ट विचारावे. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या अशा रुग्णालयांतील उपचार ऑगस्ट २०२३ पासून निःशुल्क झाले आहेत.
३) पुण्यात ससून रुग्णालयाचा मानसोपचार विभाग व येरवड्याचे प्रादेशिक मनोरुग्णालय आहे. येरवड्याचे नाव काढले की आपल्याकडे लोक हसतात. पण तेथे बाह्यरुग्ण विभागही आहे. सकाळी जाऊन तपासून घ्यावे व संध्याकाळी घरी यावे. मंत्रचळाच्या बहुतेक रुग्णांना दाखल व्हावे लागत नाही.
४) बरेच उपचार करूनही गुण नसेल तर बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेत या आजाराचा स्वतंत्र विभाग आहे. तेथे जाण्याबाबत आपल्या डॉक्टरांना विचारावे.

नारायणगावहून पुणे सुमारे ७५ किलोमीटर. दर आठवड्याला एवढी खेप करणे तोडणीच्या दिवसांत जमत नाही. म्हणून पहिल्या काही भेटी समक्ष घेऊन पुढच्या भेटी फोनवर किंवा व्हिडिओवर होतील का, हे आधीच ठरवावे. शक्य असल्यास कामाची गर्दी नसताना उपचार सुरू करावेत.

उपचारकाला विचारावयाचे प्रश्न

बियाणे घेताना आपण पिशवीवरील लेबल वाचतो. इथेही संकोच न करता विचारावे :

१) आपण मंत्रचळाचे रुग्ण पाहिले आहेत का?
२) आपण ईआरपी करता का? माझ्या बाबतीत ते कसे कराल?
३) घरी कोणता सराव द्याल?
४) घरच्यांनी कसे वागावे हे त्यांना सांगाल का?
५) साधारण किती भेटी लागतील व खर्च किती येईल?
६) सुधारणा कशी मोजाल?

शेवटचा प्रश्न महत्त्वाचा आहे. या आजाराची तीव्रता मोजण्यासाठी १९८९ साली प्रसिद्ध झालेली येल-ब्राऊन मोजपट्टी वापरतात. तिचे १० प्रश्न व ४० गुण असतात. माती परीक्षणाप्रमाणे सुरुवातीला व नंतर गुण घेतल्यास फरक आकड्यांत दिसतो.

'विचारच करू नका' एवढेच सांगणारा, दर भेटीत नुसती 'काही होणार नाही' अशी समजूत घालणारा, नाव नसलेल्या पुड्या देणारा किंवा ठराविक दिवसांत समूळ बरे करण्याची हमी देणारा भेटला, तर दुसरीकडे जावे. देवाला जरूर जावे, मात्र अंगारा-भगताच्या नादी लागून उपचार थांबवू नयेत.

घरच्यांनी घ्यावयाची दक्षता

घरची माणसे प्रेमापोटी पुन्हा पुन्हा 'हो, हात स्वच्छ आहेत' असे सांगतात, बादल्या भरून देतात, स्वतःही सारखे हात धुतात. यामुळे आजारालाच पाणी मिळते. अर्थात हे सर्व एका दिवसात बंद करून त्याला कोंडीत पकडू नये. रागावणे, चारचौघांत हसणे टाळावे. उपचारकाच्या सल्ल्याने मदत हळूहळू कमी करावी. 'तुला भीती वाटते हे मला कळते, पण या प्रश्नाचे उत्तर आजाराला द्यायचे नाही असे आपण ठरवले आहे,' असे शांतपणे सांगावे.

रुग्ण निराश होऊन मरणाचे बोलत असेल तर ते हलक्यावर घेऊ नये. कीटकनाशके कुलूपबंद करून किल्ली दुसऱ्याकडे द्यावी, त्याला एकटे सोडू नये व त्याच दिवशी रुग्णालयात न्यावे.

गावात कळेल या भीतीने अनेकजण थांबतात. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ नुसार रुग्णाची माहिती गुप्त ठेवणे उपचार करणाऱ्यांवर बंधनकारक आहे. उपचाराने बहुतेकांचा त्रास बराच कमी होतो. पूर्वीची शंका एखादे वेळी डोकावली, तरी तिच्या मागे न जाता काम चालू ठेवता येते.

तेव्हा घरात असे कोणी असेल तर आजच त्याच्याजवळ बसून हा लेख वाचून दाखवावा आणि पहिला फोन दोघांनी मिळून करावा.