लेक एकटी निघाली

आमची लेक परवा पहिल्यांदाच एकटी परगावी परीक्षेला निघाली, तेव्हा आमचा जीव खालीवर झाला. मग बाबासाहेबांचा प्रवास आठवला. १९०१ साली लहानगे भीमराव, थोरला भाऊ आणि भाचे वडिलांना भेटायला साताऱ्याहून रेल्वेने निघाले. सोबत मोठे माणूस नव्हते. मसूर स्टेशनवर घ्यायला कोणी आले नाही. जात कळताच बैलगाडी मिळेना. शेवटी दुप्पट भाडे देऊन गाडी मुलांनीच हाकायची ठरली. वाटेत पाणीही मिळाले नाही.

तेच भीमराव १९१३ साली शिकायला न्यूयॉर्कला गेले. मसूरच्या भीतीने घरी बसले असते तर?

आम्ही लेकीला पाण्याची बाटली, सुटे पैसे आणि रेल्वेचा १३९ हा मदत क्रमांक लिहून दिला. गाडी सुटताना ती हसत ‘जयभीम’ म्हणाली. डोळे आमचेच भरले. भगिनींनो, लेकींना अडवू नका.