खरी मेख जमिनीत आहे
तंबूच्या मेखा निवडताना होणारे गैरसमज आणि वस्तुस्थिती

आषाढात माउलींची पालखी नीरा ओलांडून सातारा जिल्ह्यात येते. लोणंद, तरडगाव, फलटण, बरड असे मुक्काम पडतात. दिंडीचा ट्रक रानात थांबतो, फाळका पडतो आणि राहुट्यांच्या बरोबरीने मेखांची गोणी खाली येते. हातभर लांब लोखंडी मेखा. एकाने मेख धरायची, दुसऱ्याने घण घालायचा. पण जाणता माणूस आधी टाच रोवून जमीन दाबून पाहतो आणि मगच कुठली मेख, किती खोल ते ठरवतो.

शनिवारी तापोळ्याला, बामणोलीला किंवा धोम धरणाच्या काठावर नवा कोरा तंबू घेऊन जाणारे नेमकं हेच विसरतात. मेख दुकानात निवडायची वस्तू आहे, असं त्यांना वाटतं. सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांत तर हा समज फारच महाग पडतो. पश्चिमेला घाटमाथ्यावर जांभा, कृष्णा-वारणेच्या खोऱ्यात काळी जमीन, धरणांच्या काठी गाळ आणि पूर्वेला माण, खटाव, आटपाडी, जतकडे मुरमाड माळ. दीड-दोनशे किलोमीटरच्या पट्ट्यात जमीन चार वेळा जात बदलते. या चारही ठिकाणी चालेल अशी एक मेख अजून कोणी बनवलेली नाही.

गैरसमज १ : तंबूबरोबर आलेल्या मेखा पुरेशा असतात.

वस्तुस्थिती : स्वस्त तंबूसोबत बहुधा तारेच्या, वरून आकड्यासारख्या वळवलेल्या बारीक मेखा येतात. हिरवळीच्या घट्ट मातीत त्या काम भागवतात. मुरमात मात्र दोन ठोक्यांत वाकतात आणि गाळात लोण्यात सुरी जावी तशा जातात. ज्या सहजतेने गेल्या, त्याच सहजतेने वर येतात. मेखेला धरून ठेवते ती तिच्याभोवतीची माती. मातीचा घट्टपणा, मेखेची खोली आणि मातीला टेकणारी तिची रुंदी, या तीन गोष्टींवर सगळी पकड ठरते. जमीन जितकी मऊ, तितकी मेख लांब आणि रुंद हवी. जमीन जितकी कडक, तितकी ती बारीक चालेल, पण न वाकणारी हवी.

गैरसमज २ : घुमटाचा तंबू काठ्यांवर आपोआप उभा राहतो, त्याला मेखा लागत नाहीत.

वस्तुस्थिती : उभा राहणं वेगळं आणि जागेवर राहणं वेगळं. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की तंबूवरचा दाब दुप्पट नव्हे, चौपट होतो. ताशी २० किलोमीटरच्या झुळकीत डुलणारा रिकामा तंबू ४० च्या वाऱ्यात पतंग होतो. साताऱ्याजवळ चाळकेवाडीच्या आणि सांगलीत ढालगावच्या पठारावर पवनचक्क्या उभ्या आहेत, त्या काही शोभेसाठी नाहीत. अशा माळावर चार कोपऱ्यांच्या मेखा आधी मारायच्या आणि काठ्या मागाहून उभारायच्या. शिवाय वरच्या कापडाचे तणावे, म्हणजे बाहेर ताणून बांधायचे दोर, पिशवीत तसेच गुंडाळून ठेवायचे नाहीत. वाऱ्याचा खरा भार तेच झेलतात.

गैरसमज ३ : मेख जितकी जाड आणि जड, तितकी पक्की.

वस्तुस्थिती : आकार महत्त्वाचा, वजन नव्हे. इंग्रजी ‘व्ही’ किंवा ‘वाय’ अक्षरासारख्या छेदाची ॲल्युमिनियमची मेख हलकी असते, पण तिच्या पाकळ्या मातीला रुंदीने भिडतात. कृष्णाकाठच्या काळ्या जमिनीत ती गोल सळईपेक्षा सरस ठरते. ही काळी जमीन ओलीने फुगते आणि उन्हात तडकते. वापसा असताना ती मेख मुठीत धरल्यासारखी धरते. चिखल झाला की पकड सोडते, तेव्हा लांब मेख लागते. उन्हाळ्यात मेख भेगेत बसली तर ती कशालाच बसलेली नसते. भेगेपासून हातभर सरकून ठोकावी.

मुरमात मात्र उलट. तिथे पाकळ्या खड्यांवर आपटून वाकतात. तिथे पोलादी खिळ्यासारखी गोल, टोकदार मेखच हवी. ती गावातल्या लोहाराकडूनही करून घेता येते. ८ मिलिमीटरची सळई मीटरला सुमारे ४०० ग्रॅम भरते. म्हणजे २५ सेंटिमीटरची एक मेख साधारण १०० ग्रॅमची. अशा बारा मेखांचं वजन सव्वा किलोच्या आसपास जातं. गाडी तंबूपर्यंत जाणार असेल तर याहून स्वस्त आणि मस्त काही नाही. पाठीवर वाहून गड चढायचा असेल तर मात्र विचार करावा.

गैरसमज ४ : टायटॅनियम सर्वांत हलकं, म्हणून सर्वांत चांगलं.

वस्तुस्थिती : एक घन सेंटिमीटर टायटॅनियम साडेचार ग्रॅम भरतं, ॲल्युमिनियम २.७ ग्रॅम आणि पोलाद सुमारे ७.८ ग्रॅम. म्हणजे टायटॅनियम ॲल्युमिनियमपेक्षा जडच. त्याचा गुण असा की ते बळकट असल्याने मेख बारीक करता येते आणि ते गंजत नाही. पण बारीक म्हणजे मातीला कमी टेकणारी. म्हणून घट्ट, खडेदार जमिनीत ती शोभते, कोयनेच्या काठच्या गाळात तिची किंमत वाया जाते.

गैरसमज ५ : मेख जितकी तिरपी, तितकी पक्की.

वस्तुस्थिती : फार तिरपी मारलेली मेख खोल जातच नाही. तिचं टोक वरच्या भुसभुशीत थरातच राहतं. सरळ, किंवा डोकं तंबूपासून किंचित बाहेर झुकलेलं, हा बहुतेक जमिनींसाठी बरा नियम. डोकं तंबूकडे झुकलं तर मात्र दोर निसटतो आणि मेखही ओढीच्या दिशेने सरकत बाहेर येते. याहून मोठी चूक म्हणजे अर्धवट गेलेल्या मेखेच्या डोक्याला दोर बांधणं. तिथे मेख पहारीसारखी तरफ बनते आणि स्वतःलाच उचकटते. मेख पूर्ण जात नसेल तर दोर जमिनीलगत बांधावा. एक मेख धरत नसेल तर तिच्या मागे दुसरी ठोकून दोन्ही एकमेकींना जोडाव्यात.

गैरसमज ६ : खुंटा हलवून बळकट होतो.

वस्तुस्थिती : म्हण खरी आहे, पण अर्धीच पाळली जाते. हलवायचा तो परीक्षेसाठी. सैल निघाला तर पुन्हा ठोकायचा. डावी-उजवीकडे हलवत बसलं तर भोक रुंद होतं आणि पकड जाते. तंबूची मेख तपासायची तर ज्या बाजूला दोर ओढणार आहे, त्याच बाजूला एक जोरदार हिसका द्यावा. तिळभर सरकली तरी जागा बदलावी.

गैरसमज ७ : एकदा ताणून बांधलं की रात्रभर बघायला नको.

वस्तुस्थिती : नायलॉनचा दोर दवाने किंवा पावसाने भिजला की लांबतो आणि तंबू सैल पडतो. झोपण्यापूर्वी एकदा ताण पाहावा लागतो. सुती दोराचं नेमकं उलट. तो भिजला की आखडतो आणि मेख उपटायला बघतो. म्हणून सुती दोर असलेल्या राहुटीचे तणावे पावसाची सर येताच जरा सैल करायचे असतात. पॉलिएस्टरचा दोर या दोन्हींपेक्षा कमी कुरकुर करतो.

गैरसमज ८ : पोलादी मेख आणि मोठा हातोडा असला की कातळातही ठोकता येतं.

वस्तुस्थिती : कास किंवा पाचगणीच्या टेबललँडसारख्या जांभ्याच्या पठारांवर मातीचा थर कुठे बोटभर, कुठे वीतभर, खाली सलग कातळ. तिथे मेख हरते. आणि कासवर ती ठोकण्याचा विचारही करू नये. पश्चिम घाटाच्या जागतिक वारशात २०१२ मध्ये समाविष्ट झालेल्या या पठाराची फुलं त्याच बोटभर मातीवर जगतात. वासोटा किल्ला कोयना अभयारण्यात आहे, तिथे मुक्कामाला मनाई आहे. कोयना अभयारण्य आणि चांदोली राष्ट्रीय उद्यान मिळून २०१० मध्ये सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. तिथली हद्द वन खात्याला विचारूनच ओळखावी.

परवानगीच्या जागी खडक लागलाच, तर मेख ठोकूच नये. दोराचा फास एका आडव्या काठीला घालावा आणि काठीवर, तंबूच्या बाजूने, जड दगड रचावेत. नुसता दोरावर ठेवलेला दगड वाऱ्याने सरकतो, काठीला अडलेला दगड सरकत नाही. वाळूत किंवा गाळातही हीच युक्ती थोडी बदलून चालते. पिशवीत वाळू भरायची, तिला दोर बांधायचा, हातभर खड्ड्यात आडवी पुरायची आणि वरून माती दाबायची.

मग घ्यायचं काय? या दोन जिल्ह्यांत फिरणाऱ्याने आठ ‘वाय’ आकाराच्या ॲल्युमिनियमच्या मेखा, चार पोलादी गोल मेखा आणि दोन रिकाम्या कापडी पिशव्या जवळ ठेवाव्यात. चारही जमिनींची सोय होते.

आणि निघताना मेखा मोजाव्यात. मेख उपटताना तंबूची पट्टी ओढू नये, ती फाटते. दुसरी मेख आकड्यात अडकवून, आत गेली त्याच रेषेत वर खेचावी. बारा ठोकल्या असतील तर बारा हातात आल्या पाहिजेत. गवतात राहिलेली एखादी मेख आपल्या हिशेबात क्षुल्लक असेल, पण दुसऱ्या दिवशी त्याच माळावर मेंढरं आणि गुरं चरायला येतात.