श्रमाचा सातबारा कोण लिहिणार?

पनवेलला लागून असलेल्या करंजाड्याचे गेल्या अर्धशतकातले आयुष्य जमिनीच्या कायद्याने घडवले आहे. १९७० मध्ये सिडकोची स्थापना झाली, ठाणे आणि तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यातील ९५ गावांच्या जमिनी नव्या मुंबईसाठी संपादित होऊ लागल्या आणि भूसंपादन, वाढीव मोबदला, विकसित भूखंड हे शब्द पनवेल-उरणच्या घराघरांत रुळले. जानेवारी १९८४ मध्ये उरण तालुक्यातल्या आंदोलनात पाच जण हुतात्मा झाले. त्या लढ्याचे नेते दि. बा. पाटील स्वतः वकील होते. त्या रेट्यातून साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याचे तत्त्व मान्य झाले. पुढे नवी मुंबई विमानतळासाठी गावे उठली तेव्हा तेच प्रमाण साडेबावीस टक्क्यांवर गेले. आज इथल्या साध्या शेतकरी कुटुंबालाही फेरफार, वारसनोंद आणि हरकतीची मुदत यांचे महत्त्व सांगावे लागत नाही. नोंद असेल तर हक्क मागता येतो, हे या भागाने फार मोठी किंमत मोजून शिकून घेतले आहे.

पण त्या जमिनीचे आता कामाचे ठिकाण झाले आहे. भूखंडांवर इमारती उभ्या राहात आहेत. विमानतळाचे उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजी झाले आणि २५ डिसेंबरपासून उड्डाणेही सुरू झाली. तालुक्यात तळोज्याची औद्योगिक वसाहत आहे, उरणच्या वाटेवर बंदराशी जोडलेली गोदामे आणि कंटेनर यार्ड आहेत. परांचीवर चढणारा, सेंट्रिंग ठोकणारा, रसायनाचे पिंप हलवणारा माणूस इथे रोज काम करतो आणि त्याच्या कामाची नोंद मात्र बहुतेक वेळा मुकादमाच्या वहीपलीकडे जात नाही. जमिनीला सातबारा आहे, श्रमाला नाही. म्हणून जमिनीच्या खटल्यांत तरबेज झालेल्या या तालुक्याला आता कामगार सुरक्षेचा कायदा जाणणाऱ्या वकिलांची गरज आहे. अपघातानंतर भरपाई मिळवून देणे हा त्यांच्या कामाचा अर्धा भाग झाला. जबाबदारी कोणाची हे अपघाताआधीच कागदावर नावानिशी लिहून घेणे, हा उरलेला आणि अधिक मोलाचा भाग.

हे समजण्यासाठी बांधकामावरच्या साखळीकडे पाहावे. भूखंड एकाचा, विकसक दुसरा, ठेकेदार तिसरा. त्याने स्लॅबचे काम उपठेकेदाराला दिलेले, उपठेकेदाराने माणसे मुकादमाकडून आणलेली. चौथ्या मजल्यावरून बिगारी पडला की साखळीतला प्रत्येक जण पुढच्याकडे बोट दाखवतो. या पळवाटेचा विचार कायद्याने शंभर वर्षांपूर्वीच करून ठेवला होता. १९२३ च्या भरपाई कायद्यात मुख्य मालकावर थेट दावा करण्याची तरतूद होती. आधी त्याने कामगाराला रक्कम द्यायची, नंतर हवी तर ठेकेदाराकडून वसूल करायची. शिवाय मालकाचा निष्काळजीपणा सिद्ध करण्याची गरज नाही. अपघात कामामुळे आणि काम चालू असताना झाला, एवढे दाखवले की पुरे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून हा कायदा सामाजिक सुरक्षा संहितेत विलीन झाला, पण त्याचा हा गाभा कायम आहे. मग अडते कुठे? ‘हा माणूस आमच्याकडे कामाला नव्हताच’ या एका वाक्यापाशी. हजेरीपत्रक नाही, वेतनचिठ्ठी नाही, नेमणुकीचे पत्र नाही. अशा वेळी वकिलाला गेटवरच्या नोंदी, काँक्रीटच्या गाडीची पावती, मोबाइलवरून आलेले पैसे, सोबत्यांच्या साक्षी यांतून तो माणूस त्या दिवशी तिथे होता हे उभे करावे लागते.

न्यायालयांनी या कायद्याचा अर्थ मोठ्या मनाने लावला आहे, याची दोन उदाहरणे पाहू. एक सुतार सिनेमागृहात सजावटीचे काम करताना पडला आणि त्याचा डावा हात कोपराच्या वरून गेला. भरपाई कायद्याच्या परिशिष्टाप्रमाणे हे अंशतः अपंगत्व आहे, असा मालकाचा युक्तिवाद होता. सुतारकाम एका हाताने होत नाही, म्हणून या माणसापुरते हे संपूर्ण अपंगत्वच, असे १९७६ साली प्रसिद्ध झालेल्या प्रताप नारायण सिंह देव खटल्याच्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने ठरवले. भरपाईची जबाबदारी अपघाताच्या क्षणी सुरू होते, भरपाई आयुक्ताचा आदेश निघेल तेव्हा नव्हे, हेही त्याच निकालाने सांगितले. दुसरे उदाहरण मुंबईचे. बेस्टचा एक चालक काम आटोपून बेस्टच्याच बसने घरी निघाला आणि वाटेत अपघातात दगावला. त्याच्या पत्नीचा दावा १९६३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मान्य केला, कारण त्या प्रवासाची सोय नोकरीचाच भाग होती. घर ते कामाचे ठिकाण या प्रवासातला अपघातही, नोकरीशी त्याचा संबंध दाखवता आला तर, भरपाईस पात्र ठरवणारी तरतूद आता नव्या संहितेत आली आहे. वेळ, मार्ग आणि पाळी यांची नोंद नसेल तर मात्र तो संबंध दाखवायचा कशाने?

या ज्ञानाचे मोल रुपयांतही मांडता येते. मृत्यूच्या प्रकरणात मासिक वेतनाच्या निम्म्या रकमेला वयानुसार ठरलेल्या गुणकाने गुणले जाते. २०२० पासून या हिशेबात वेतन कमाल १५,००० रुपये धरले जात आले आहे. तीस वर्षांच्या कामगाराचा गुणक २०७.९८ आहे. म्हणजे ७,५०० गुणिले २०७.९८, एकूण १५,५९,८५० रुपये. रक्कम वेळेत दिली नाही तर १२ टक्के व्याज, आणि विलंबाला सबळ कारण नसेल तर निम्म्यापर्यंत दंड. कामगार दगावला असेल तर ही रक्कम आयुक्ताकडेच जमा करावी लागते. कुटुंबाच्या हातात परस्पर ठेवलेले पैसे कायद्याच्या दृष्टीने भरपाई ठरत नाहीत. हक्क सोडल्याचा करारही निरर्थक ठरतो. परराज्यातून किंवा मराठवाड्यातून आलेले कुटुंब अंत्यविधीनंतर मिळेल ते घेऊन, कागदावर अंगठा उठवून गावी परतते, तेव्हा त्या अंगठ्याने काहीही संपलेले नसते. हे त्यांना सांगणारे कोणी जवळ नसते, एवढीच त्यातली खरी अडचण. दावा करायला दोन वर्षांची मुदत असते आणि ती गावी बसून निघून जाते.

तरीही भरपाई म्हणजे सुरक्षा नव्हे. वकिलाची कसोटी अपघात होण्याआधी लागते आणि तिथेही मुद्दा नावाचाच असतो. भोपाळच्या १९८४ च्या वायुगळतीनंतर १९८७ मध्ये कारखाना कायदा बदलला. धोकादायक प्रक्रियांसाठी स्वतंत्र प्रकरण आले आणि कंपनीच्या बाबतीत ‘भोगवटादार’ म्हणून संचालकालाच जबाबदार धरण्याची तरतूद झाली. तोवर एखाद्या व्यवस्थापकाचे नाव पुढे करता येत असे. कंपन्यांनी त्याला आव्हान दिले. १९९६ मध्ये जे. के. इंडस्ट्रीज खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ती तरतूद उचलून धरली. निर्णय आणि पैसा ज्याच्या हातात आहे त्याचेच नाव कागदावर असले, की सुरक्षेचा खर्च मंजूर होण्याची शक्यता वाढते, हा त्यामागचा विचार. १९९५ मध्ये ॲस्बेस्टॉस कामगारांच्या खटल्यात न्यायालयाने आरोग्याचा हक्क जीवनाच्या हक्कात धरला. प्रत्येक कामगाराची वैद्यकीय नोंद नोकरी लागल्यापासून ४० वर्षे किंवा नोकरी संपल्यावर १५ वर्षे, यांपैकी जे नंतर येईल तोवर जपण्याचा आदेशही दिला. फुप्फुसातल्या धुळीचा आजार उशिरा उघड होतो, आणि तेव्हा हाती पुरावा उरतो तो या नोंदीचाच.

जमिनीच्या हक्काकडून श्रमाच्या हक्काकडे जाणारी ही वाट याच जिल्ह्याने पूर्वी पाहिली आहे. कुलाबा जिल्ह्यात १९३३ पासून चरीच्या शेतकऱ्यांचा खोतीविरुद्ध संप सुरू होता. बॅरिस्टर आंबेडकरांनी १९३७ मध्ये मुंबईच्या विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. पुढच्याच वर्षी त्यांनी कामगारांच्या संपाच्या हक्कावर बंधने आणणाऱ्या औद्योगिक कलह विधेयकाला विरोध केला, आणि १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते सांभाळले. १९४६ च्या दुरुस्तीने कारखान्यातला आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आला. स्वातंत्र्यानंतर सर्वोच्च न्यायालयात औद्योगिक कायद्याची घडी बसवण्यात साताऱ्यात जन्मलेल्या न्यायमूर्ती प्र. बा. गजेंद्रगडकरांचा वाटा मोठा होता. पहिल्या राष्ट्रीय श्रम आयोगाचे अध्यक्षही तेच. म्हणजे कामगार कायदा हा मराठी वकिलीचा आडमार्ग कधीच नव्हता.

यावर आक्षेप आहेत आणि ते वजनदार आहेत. पहिला आक्षेप असा की परांची मजबूत करायला अभियंता लागतो, वकील नव्हे. खरे आहे. पण हार्नेस कसा असावा हे अभियंता सांगतो; तो विकत कोणी आणायचा, आणला नाही तर काम थांबवण्याचा अधिकार कोणाला, हे करार ठरवतो. समृद्धी महामार्गावर ३१ जुलै २०२३ च्या मध्यरात्रीच्या सुमारास शहापूर तालुक्यात गर्डर बसवणारे यंत्र कोसळून २० जण गेले. त्याच वर्षी ३ नोव्हेंबरला महाडच्या औषध कारखान्यातील आगीत ११ कामगारांचा बळी गेला. मोठे प्रकल्प आणि मोठ्या वसाहती यांतही तांत्रिक ज्ञानाचे अस्तित्व पुरत नाही, ते वापरण्याची सक्ती लागते. दुसरा आक्षेप, गरिबाला तारखा परवडत नाहीत, जागेवर मिटवलेले बरे. तारखा लांबतात हे नाकारता येणार नाही. पण जागेवरची तडजोड न्याय्य तेव्हाच होते, जेव्हा समोरच्याला माहीत असते की या कुटुंबाला आकडा ठाऊक आहे. तिसरा आक्षेप खर्चाचा: हे सगळे केले तर घरे महागतील. सुरक्षेला खर्च आहेच. तो टाळला तर नाहीसा होत नाही, पडलेल्या माणसाच्या घरी जातो. शिवाय कामगार कल्याणासाठी बांधकाम खर्चावर एक टक्का उपकर महाराष्ट्रात आधीच घेतला जातो. हा निधी देशभर पडून राहिल्याबद्दल सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये राज्यांवर कडक ताशेरे ओढले. त्याचा लाभ घ्यायला वर्षात ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो आणि दर महिन्याला नवी साइट शोधणाऱ्या माणसाची गाडी तिथेच अडते. पैसा गोळा होतो. अडते ते पुन्हा नोंदीपाशी.

नव्या संहितांनी कायदा सोपा केला, आता वकील कशाला, असेही म्हटले जाते. व्यावसायिक सुरक्षा संहितेत प्रत्येक कामगाराला नेमणूकपत्र देण्याची तरतूद आहे, आणि कर्तव्यात कसूर झाल्याने मृत्यू ओढवला तर दंडाचा किमान अर्धा भाग वारसांना देण्याचा आदेश न्यायालय करू शकते. या तरतुदींचे स्वागतच करायला हवे. त्याच संहितेत विजेवर चालणाऱ्या कारखान्याची मर्यादा १० वरून २० कामगारांवर नेली आहे आणि ठेका कामगारांच्या तरतुदी जुन्या केंद्रीय कायद्यातल्या २० ऐवजी ५० कामगारांपासून लागू होतात. म्हणजे छोट्या शेडवर आणि छोट्या ठेकेदारावर सरकारची नजर पूर्वीइतकी राहणार नाही. देखरेख कमी होते तिथे करारातला शब्द आणि नेमणूकपत्र यांच्यावरचा भार वाढतो, आणि ते नीट लिहून घेणाऱ्याची गरजही.

राहिला प्रश्न पोटाचा. या वकिलीवर घर चालेल का? १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्याने वकिलाला न्यायाधिकरणापुढे दुसऱ्या पक्षाच्या संमतीशिवाय उभे राहू दिले नाही. बड्या वकिलांपुढे कामगार दबू नये हा हेतू होता. त्यामुळे इथे नाव मिळते ते बहुधा संघटनेसोबत किंवा व्यवस्थापनासोबत वर्षानुवर्षे काम करून. भरपाईच्या रकमेत टक्केवारी घेणे बार कौन्सिलच्या नियमांत बसत नाही आणि बसूही नये. तरी काम भरपूर आहे: ठेक्यांचे करार, सुरक्षेची कायदेशीर तपासणी, लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याखालील अंतर्गत समित्या, विम्याचे दावे. औद्योगिक कामगार आणि औद्योगिक आपत्तीत सापडलेले लोक १९८७ च्या कायद्यानुसार मोफत विधी सहाय्यास पात्र आहेत, म्हणजे त्यांच्या वकिलाची फी विधी सेवा प्राधिकरण देते. कंपनीचा वकील कामगाराचा शत्रूच असतो, असेही नाही. मस्टर नीट ठेवा, सुरक्षेची बैठक खरोखर घ्या, असा अप्रिय सल्ला देणारा कंपनीचा वकील अपघात टाळतो. फक्त अपघातानंतर मागील तारखेचे कागद बनवून देणाऱ्याने आपण कोणता व्यवसाय करतो हे स्वतःला विचारावे.

करंजाड्यात सुरुवात करायला नव्या कायद्याची वाट पाहण्याची गरज नाही. नवीन पनवेलमध्ये विधी महाविद्यालय आहे. तिथल्या विद्यार्थ्यांनी विधी सेवा प्राधिकरणासोबत बांधकामांवर जाऊन नेमणूकपत्रे आणि ९० दिवसांच्या दाखल्यांसाठी शिबिरे घ्यावीत. प्रत्येक बांधकामाच्या फलकावर महारेरा क्रमांकासोबत मुख्य मालकाचे, ठेकेदाराचे आणि सुरक्षेला जबाबदार व्यक्तीचे नाव लिहिण्याची अट सिडकोला परवानगी देतानाच घालता येईल. जे भूमिपुत्र आज आपल्या भूखंडावर विकसकाशी करार करत आहेत, त्यांनी आपल्या वकिलाला त्यात कामगारांच्या विम्याचे आणि सुरक्षेचे कलम घालायला सांगावे. ते सांगण्याची ताकद त्यांच्याकडे आहे, कारण जमीन त्यांची आहे. नोंदीसाठी आणि न्याय्य मोबदल्यासाठी ज्यांनी आयुष्यभर झगडा केला, त्यांच्या जमिनीवर काम करणाऱ्या माणसाला तीच नोंद आणि तोच मोबदला नाकारला जाऊ नये, ही अपेक्षा त्यांच्याकडून करणे रास्त आहे.