‘सैराट’चे संगीत अभिजात म्हणावे काय?

दिनांक ३ ऑक्टोबर २०२४ रोजी भारत सरकारने मराठीस अभिजात भाषेचा दर्जा दिला. तेव्हापासून ‘अभिजात’ हा शब्द आमच्या विद्यार्थ्यांच्या तोंडी वारंवार येऊ लागला आहे. निबंधात तो येतो, वक्तृत्वस्पर्धेत येतो, आणि मधल्या सुट्टीतील वादांतही येतो. अशा वादांचा एक आवडता विषय म्हणजे ‘सैराट’ या चित्रपटाचे संगीत. मुले म्हणतात, ही गाणी अभिजातच होत. वडील मंडळी म्हणतात, हा वरातीतला गोंगाट, याला अभिजात म्हणणे म्हणजे त्या शब्दाची विटंबना. दोन्ही पक्ष मोठ्या आवेशाने बोलतात. परंतु अभिजात म्हणजे काय, हे सांगण्यास कोणीच थांबत नाही. माप हाती न घेता धान्य मोजू लागावे, तसाच हा प्रकार होय. म्हणून प्रस्तुत लेखात आधी माप ठरवून मग मोजणी करण्याचे योजिले आहे.

प्रथम वस्तुस्थिती पाहू. सोलापूर जिल्ह्यातील करमाळा तालुक्यात वाढलेले दिग्दर्शक नागराज मंजुळे यांचा ‘सैराट’ हा चित्रपट २९ एप्रिल २०१६ रोजी प्रदर्शित झाला. त्याला संगीत दिले अजय आणि अतुल गोगावले या बंधुद्वयाने. ‘जोगवा’ या चित्रपटाच्या संगीतासाठी त्यांना यापूर्वीच राष्ट्रीय पुरस्कार मिळाला होता. ‘सैराट’मध्ये गाणी अवघी चार: ‘याड लागलं’, ‘आताच बया का बावरलं’, ‘सैराट झालं जी’ आणि ‘झिंगाट’. त्यांतील पाश्चात्त्य वाद्यवृंदाचा भाग अमेरिकेत लॉस एंजेलिस येथे, सोनी कंपनीच्या प्रशस्त ध्वनिमुद्रणगृहात मुद्रित करण्यात आला. लोकप्रियतेविषयी निराळे सांगणे नको. ज्या लग्नात ही गाणी वाजली नाहीत असे लग्न त्या वर्षी विरळाच. परंतु लोकप्रियता म्हणजे अभिजातता नव्हे. पोळ्याच्या दिवशी बैल सर्व गावाला दिसतो. त्याची खरी किंमत मात्र नांगराला जुंपल्यावर कळते.

आता शब्दाकडे वळू. ‘अभिजात’ याचा संस्कृतातील मूळ अर्थ चांगल्या कुळात जन्मलेला, कुलीन. आपण ज्या इंग्रजी शब्दासाठी तो योजतो, त्या ‘क्लासिक’चे मूळही असेच मजेचे आहे. प्राचीन रोममध्ये नागरिकांचे त्यांच्या मालमत्तेवरून वर्ग पाडलेले असत. सर्वांत धनवान अशा पहिल्या वर्गातील माणसास ‘क्लासिकस’ म्हणत. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात ऑलस गेलियस नावाच्या ग्रंथकाराने हा शब्द प्रथम श्रेणीच्या लेखकास लावला आणि तेथून तो वाङ्मयात शिरला. तात्पर्य, एक शब्द कुळाचा, तर दुसरा पैशाचा! आणि ‘सैराट’ची कथा तरी कशाची आहे? कुळाच्या आणि पैशाच्या गर्वाने दोन कोवळ्या जिवांचा घात कसा केला, याचीच. तेव्हा या चित्रपटाच्या गाण्यांना ‘तुमचे कूळ कोणते?’ असे विचारून दाराबाहेर उभे करणे आपणांस शोभणारे नाही. झाडाची पारख त्याच्या फळांवरून करावी, हा प्रभूने घालून दिलेला नियम येथेही लागू पडतो.

पालकांचा पहिला आक्षेप भाषेविषयी असतो. ‘वेड’ न म्हणता ‘याड’ म्हणणारी गाणी अभिजात कशी? याचे उत्तर आपल्या जिल्ह्याच्या सीमेवरच आहे. आपल्या दक्षिणेकडून वाहणाऱ्या गोदावरीच्या काठाने थोडे वर गेले की पैठण लागते. ते सातवाहनांचे प्रतिष्ठान. त्या वंशातील हाल राजाच्या नावावर असलेली ‘गाथासप्तशती’ महाराष्ट्री प्राकृतात आहे. तीत राजवाडे थोडे आणि शेते, पाणवठे, गावातील तरुण-तरुणींची प्रीती व विरह हेच फार. संस्कृत पंडितांच्या शेजारी ही बोली त्या काळी गावंढळच ठरली असती. परंतु मराठीचे प्राचीनत्व सिद्ध करण्याची वेळ आली, तेव्हा जे पुरावे पुढे ठेवण्यात आले त्यांत ही गाथा प्रमुख होती. ज्या भाषेस अभिजाततेचे प्रमाणपत्र मिळवून देण्यास गावच्या प्रेमकवितेने साक्ष दिली, त्याच भाषेने गावच्या प्रेमगीतास भाषेवरून बाद करावे, हे न्यायास धरून होणार नाही.

तर मग कसोट्या कोणत्या? मला चार दिसतात.

पहिली कसोटी कारागिरीची. आपल्या परंपरेत गाणे म्हणजे मुख्यतः सुरांची एक ओळ आणि तिच्याखाली ताल. पाश्चात्त्य पद्धतीत अनेक ओळी एकाच वेळी चालतात आणि त्यांच्या मेळातून अर्थ निघतो. मंदिरात जेव्हा एखादे उपासनागीत चार भागांत गाइले जाते, तेव्हा सोप्रानो, आल्टो, टेनर व बास या चार ओळी निरनिराळ्या असूनही एकजीव होतात. हे ज्यांनी गायकवर्गात उभे राहून अनुभवले आहे, त्यांना हा मुद्दा सहज कळेल. ‘याड लागलं’ हे गाणे या दृष्टीने ऐकावे. गाणाऱ्याची चाल पूर्णपणे मराठी मातीची आहे. तिच्याखाली व्हायोलिन, चेलो आदी तंतुवाद्ये आपल्या वेगळ्या ओळी वाहत असतात आणि तरी चालीचा गळा कोठेही दाबला जात नाही. उलट ‘झिंगाट’मध्ये वरातीतल्या हलगी-ताशाच्या वळणाचा ठेकाच राज्य करतो. ज्या हलगीचे चामडे शेकोटीवर तापवून वाजवणाऱ्यास एके काळी गावकुसाबाहेर राहावे लागे, तिचा ठेका आणि युरोपच्या दरबारांत वाढलेले व्हायोलिन येथे एकाच संग्रहात मानाने बसले आहेत. अर्थात हा मेळ जगात प्रथमच घडला असे मुलांनी समजू नये. दक्षिणेत इळैयाराजा यांनी १९७६ सालापासून लोकसंगीत आणि पाश्चात्त्य रचना यांचा संगम घडवून दाखविला आहे. तथापि नवेपणा ही अभिजाततेची अट नाही. काम नेटके आहे की नाही हा प्रश्न आहे, आणि ते नेटके आहे. या कसोटीत हे संगीत उतरते.

दुसरी कसोटी काळाची. ‘जैत रे जैत’ची (१९७७) गाणी पाहा. आपल्याच मराठवाड्यातील, अजिंठ्याजवळच्या पळसखेडचे कवी ना. धों. महानोर यांचे शब्द आणि हृदयनाथ मंगेशकरांचे संगीत. ज्यांनी तो चित्रपट पाहिला नाही अशी दुसरी पिढी आज ती गाणी गाते. परंतु काळ हा न्यायाधीश आपण होऊन निकाल देत नाही. त्याला माणसांची साक्ष लागते. बाख या थोर ख्रिस्ती संगीतकाराने मत्तयाच्या शुभवर्तमानावर रचलेले दुःखसहनाचे संगीत त्याच्या मृत्यूनंतर (१७५०) पाऊणशे वर्षांहून अधिक काळ जवळजवळ विस्मृतीत पडले होते. १८२९ साली बर्लिन शहरी अवघ्या वीस वर्षांच्या मेंडेल्सोनने ते पुन्हा उभे केले, तेव्हा जगास आपल्या ठेव्याची ओळख पटली. म्हणजे अभिजात कृतीस केवळ आयुष्य पुरत नाही, वारसही लागतात. ‘सैराट’ला अजून एकच दशक झाले. २०१६ साली जी मुले पाचवीत होती, ती आज महाविद्यालयात आहेत. परंतु ती त्याच पिढीची होत. त्यांच्या मुलांनी ही गाणी मागून घेतली, तरच साक्ष पुरी होईल. या कसोटीवर निकाल राखून ठेवणे प्राप्त आहे.

तिसरी कसोटी साधनांवाचून टिकण्याची. घनसावंगी तालुक्यातील जांब हे समर्थ रामदासांचे जन्मगाव. त्यांचे मनाचे श्लोक साडेतीनशे वर्षे कोणत्या वाद्यावर चालले? कोणत्याही नाही, नुसत्या कंठावर. रेव्हरंड नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांची भजने टाळ-मृदंगावर, आणि तेही नसल्यास टाळ्यांवर, खेड्यापाड्यांतील मंडळ्यांत आजही गाइली जातात. गदिमा व सुधीर फडके यांचे ‘गीतरामायण’ १९५५ च्या रामनवमीपासून पुणे आकाशवाणीवर आठवड्याला एक याप्रमाणे प्रसारित झाले; पुढे फडके पेटी घेऊन बसत आणि ५६ गीतांचा तो संसार थोडक्या साथीवर उभा करीत. ‘सैराट’ची गाणी अशी सोलून पाहिली तर काय उरते? ‘याड लागलं’ची चाल उरते, ती एकट्याने गुणगुणता येते. ‘आताच बया’ हेही बऱ्याच अंशी उरते. ‘झिंगाट’ मात्र ध्वनिवर्धक बंद होताच निम्मे होते. तो दोष नव्हे, नाचाच्या गाण्याचा तो धर्मच आहे. परंतु धर्म ओळखून मान द्यावा.

चौथी कसोटी पूर्णतेची, आणि हीच मला सर्वांत महत्त्वाची वाटते. ‘गीतरामायण’ ऐकणाऱ्यास संपूर्ण कथा मिळते: राज्याभिषेकही आणि वनवासही. ‘सैराट’ची चारही गाणी कथेच्या पूर्वार्धातील आनंदाची आहेत. नायक-नायिका घर सोडून परमुलखात जातात, तेथे गाणे थांबते. आणि अखेरच्या भयंकर प्रसंगी तर सर्व आवाजच नाहीसा होतो. एक लहान मूल चालते आणि प्रेक्षागृहात शांतता असते. ही शांतता संगीतरचनेचाच एक भाग होय असे मी समजतो, कारण आधी एवढा आनंद कानांत भरलेला नसता तर ती इतकी असह्य झाली नसती. परंतु गाण्यांच्या संग्रहात ती शांतता येत नाही. वरातीत नाचणाऱ्यांना आनंद तेवढा मिळतो, त्याची किंमत कोणी दिली हे विसरले जाते. आणि कित्येकदा ज्या मांडवात ही गाणी वाजतात, त्याच मांडवात जातीबाहेर लग्न करणाऱ्या मुलीचे नाव घेण्याची बंदी असते. २०१८ साली ‘धडक’ या हिंदी चित्रपटात यांतील काही चाली नव्या शब्दांनी वापरल्या गेल्या. चाली गेल्या, त्यांच्यासोबत करमाळ्याची माती किती गेली, हे दोन्ही ऐकणाऱ्याने ठरवावे.

असो. माझा निवाडा असा: ‘सैराट’चा गीतसंग्रह आज अभिजात म्हणू नये. मात्र नाकारण्याचे कारण त्याची बोली नव्हे, हलगी नव्हे, लोकप्रियता तर नव्हेच; तो आपल्या कथेचा अर्धाच भाग सांगतो आणि त्याची दुसरी पिढी अजून यावयाची आहे, एवढेच. गाणी आणि अखेरची शांतता मिळून जो ‘सैराट’ होतो, त्याचा दावा या संग्रहाहून पुष्कळ बळकट आहे. एकट्या ‘याड लागलं’चाही दावा मी काळाच्या दरबारात दाखल करून घेईन.

विद्यार्थिमित्रहो, आवडणे आणि अभिजात असणे या दोन गोष्टी भिन्न आहेत. आवडीला कोणाच्या प्रमाणपत्राची गरज नसते, म्हणून आपल्या आवडीस मोठे नाव देण्याची घाई करू नका. एक दिवस यंत्र बंद करून ते गाणे नुसत्या पेटीवर गाऊन पाहा; काय उरते ते वहीत टिपा. आणि पालकांस विनंती ही, की गाण्यास गोंगाट म्हणण्यापूर्वी एकदा मुलाच्या शेजारी बसून ते शेवटपर्यंत ऐकावे, आणि चित्रपट पाहत असाल तर ती शेवटची शांतताही ऐकावी. त्यानंतर घरात जो वाद होईल तो गाण्यापुरता राहणार नाही, आणि तसा तो राहूही नये.