प्रकाशाभिमुख छायाचित्रण आणि जुन्या लेन्स : कोलाडच्या नदीकाठाच्या संदर्भात

छायाचित्रकारांच्या बोलीत ‘फ्लेअर’ हा एकच शब्द किमान तीन भिन्न घटनांसाठी योजला जातो. संज्ञेची ही संदिग्धता केवळ परिभाषेपुरती मर्यादित नाही. तिच्यामुळे दोषाचे निदान चुकते आणि चांगली लेन्स टाकून दिली जाते किंवा निकामी लेन्स जपली जाते. क्षेत्रकार्यासाठी जुनी, हाताने फोकस करावयाची लेन्स वापरणाऱ्या अभ्यासकाने म्हणूनच या तीन घटना प्रथम पृथक् करणे आवश्यक आहे. प्रस्तुत विवेचनात ‘भिंग’ म्हणजे काचेचा एक घटक आणि ‘लेन्स’ म्हणजे अशा अनेक भिंगांची नळीत बसविलेली रचना, असा भेद पाळला आहे.

रोहा तालुक्यातील कोलाड हे गाव कुंडलिका नदीच्या परिसरात वसले आहे. मुळशी धरणाचे पाणी भिरा येथील वीजगृहातून उतरल्यावर या नदीत येते. त्यामुळे ऐन उन्हाळ्यातही तिला प्रवाह असतो. नदी पश्चिमेस रेवदंड्याकडे जात असल्याने दिवस कलल्यावर प्रवाहाच्या दिशेने कॅमेरा रोखला, की सूर्य आणि पाण्यावरील त्याची चकाकी ही दोन्ही समोर येतात. अशा वेळी काठावर बसलेल्या एखाद्या कातकरी निवेदकाचे बोलताना छायाचित्र घ्यावयाचे असेल, तर त्याचा चेहरा चित्राच्या सर्वांत काळोख्या भागात पडतो. ओठांची गोलाई व जबड्याची स्थिती हे अभ्यासाचे तपशील नेमके तेथेच असतात.

पहिली घटना म्हणजे ‘धूसर पटल’. हवा आणि काच यांच्या प्रत्येक सीमेवर साध्या काचेतून सुमारे ४ टक्के प्रकाश परावर्तित होतो. १९०२ च्या टेसार रचनेत अशा सहा सीमा आहेत, तर १८९६ च्या प्लानार रचनेत आठ. लेप नसल्यास पहिलीतून सुमारे ७८ टक्के व दुसरीतून सुमारे ७२ टक्केच प्रकाश सरळ पार होतो. उरलेल्या प्रकाशातील काही अंश भिंगांमध्ये व नळीच्या भिंतींवर पुन्हा परावर्तित होऊन सबंध चित्रावर पसरतो. समजा, पाण्याची चकाकी १०० एकके व चेहऱ्यावरील छाया १ एकक आहे. या दोहोंत ३ एककांचे पटल मिसळले, तर १००:१ हे प्रमाण १०३:४, म्हणजे सुमारे २६:१ इतके उतरते. उजळ भागाचे फारसे बिघडत नाही. चेहरा मात्र राखाडी होतो.

दुसरी घटना ‘भासप्रतिमा’ होय. दोन सीमांवर एकेकदा परावर्तित झालेला प्रकाश सूर्याची एक फिकट प्रतिमा उमटवितो. सहा सीमांच्या रचनेत अशा १५ जोड्या संभवतात, आठ सीमांच्या रचनेत २८. प्लानारसारख्या गुणवान रचनेला दीर्घकाळ मर्यादित प्रसार लाभला, त्याचे एक प्रमुख कारण हेच. १९३५ मध्ये त्साइस कारखान्यातील अलेक्झांडर स्माकुला यांनी लेपाचे तंत्र सिद्ध केल्यावर ही अडचण ओसरू लागली. मॅग्नेशियम फ्लोराइडचा, मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाइतका जाड असा एकपदरी लेप परावर्तन सुमारे १.३ टक्क्यांवर आणतो. साहजिकच दोन परावर्तनांतून येणारी भासप्रतिमा नऊ-दहा पटींनी मंद होते. १९७० नंतर प्रसार पावलेले बहुपदरी लेप याहूनही प्रभावी आहेत.

तिसरी घटना प्रकीर्णनाची असून तिचा रचनेशी संबंध नाही. कोकणातील दीर्घ पावसाळ्याच्या दमट हवेत भिंगांवर बुरशी धरते. तिचे तंतू आणि तेलकट बाष्पाचा थर प्रकाश चहूकडे विखरतात. परिणाम धूसर पटलासारखाच दिसतो, आणि म्हणूनच ‘जुनी लेन्स अशीच असावयाची’ असा गैरसमज रूढ होतो. वस्तुतः येथे दोष काचेच्या अवस्थेचा असतो, वयाचा नव्हे.

तिन्हींची पारख सोपी आहे. सूर्य चौकटीबाहेर असताना हाताने लेन्सवर सावली धरावी. धूसरता निवळल्यास केवळ हूड पुरेसा होतो. सूर्य चौकटीत असताना कॅमेरा किंचित वळवावा. जे ठिपके जागा बदलतात त्या भासप्रतिमा, आणि ॲपर्चर लहान केल्यावर त्यांचा आकार ॲपर्चरच्या पात्यांप्रमाणे बहुकोनी होतो. जे जागचे हलत नाही ते पटल. अखेरीस लेन्स काढून, ॲपर्चर पूर्ण उघडून मागून बॅटरीचा प्रकाश टाकावा. कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसल्यास ती बुरशी. मात्र आरशाच्या कॅमेऱ्याच्या दर्शकातून सूर्याकडे थेट पाहू नये. त्याने दृष्टीस इजा होते.

उपायही कारणानुसार भिन्न आहेत. पटलास हूड, भासप्रतिमेस कोनातील अल्प बदल आणि बुरशीस जाणत्या कारागिराकडून सफाई. बुरशीने लेप कोरला असल्यास तो पूर्ववत होत नाही. म्हणून लेन्स ओल धरणाऱ्या चामडी पेटीत न ठेवता सिलिका जेल घातलेल्या हवाबंद डब्यात ठेवावी. तात्पर्य, लेन्सच्या निर्मितीचे वर्ष पाहून तिची योग्यता ठरविण्यापूर्वी धूसरतेचे नाव निश्चित करावे. स्वच्छ, एकपदरी लेपाची जुनी लेन्स हूडसह वापरल्यास कोलाडच्या नदीकाठीही निवेदकाचा चेहरा अभ्यासयोग्य स्पष्टतेने टिपू शकते.