बॅकअप आहे, पण वेळेवर उघडेल का?

पूर्वी इस्लामपूरच्या पेठेत दुकानाचा हिशेब लाल कापडी बांधणीच्या वहीत असे. दहा वर्षांनीही ती वही काढून वाचता येत असे. आता कापड दुकान असो, हार्डवेअर असो की एमआयडीसीतील वर्कशॉप, हिशेब संगणकात गेला आहे. या नव्या वहीची एक अट आहे. ती ज्या सॉफ्टवेअरने बांधून ठेवली, ते सॉफ्टवेअर चालू स्थितीत असेल तरच ती उघडते. या अटीकडे आपल्या व्यापारी बांधवांनी लक्ष द्यावे, म्हणून हा विषय आम्ही मांडत आहोत.

धंदा वाढला, दुकानाला गोदाम जोडले गेले, की संगणकवाला एक मोठा सर्व्हर बसवून देतो. त्या एकाच यंत्रात सॉफ्टवेअरच्या जोरावर दोन-तीन वेगळे संगणक चालतात. एकावर हिशेब, दुसऱ्यावर मालाचा साठा. त्यांना व्हर्च्युअल मशीन म्हणतात. व्हीएमवेअर आणि मायक्रोसॉफ्टचे हायपर-व्ही ही त्यातील परिचित नावे. अशा संपूर्ण संगणकाची रोज रात्री जशीच्या तशी प्रत काढणारे सॉफ्टवेअर वेगळे असते. व्हीम हे त्यातील मोठे नाव. यंत्र जळाले तर ही प्रत दुसऱ्या यंत्रावर चढवून काम पुन्हा सुरू करता येते.

कंपनीची मुदत आणि कायद्याची मुदत

प्रत्येक आवृत्तीला कंपनी ठरावीक काळच सपोर्ट देते. तो संपला की दुरुस्ती बंद. सॉफ्टवेअर दुसऱ्या दिवशीही चालत राहते, म्हणून मालकाला काही कळत नाही. व्हीमची अकरावी आवृत्ती फेब्रुवारी २०२१ मध्ये आली आणि तिचा सपोर्ट फेब्रुवारी २०२४ मध्ये संपला. म्हणजे आयुष्य तीन वर्षांचे. व्हीएमवेअरच्या व्हीस्फिअर ७ चा सपोर्ट २ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज सर्व्हर २०१२ चा १० ऑक्टोबर २०२३ रोजी संपला, तर विंडोज सर्व्हर २०१६ साठी १२ जानेवारी २०२७ ही तारीख जाहीर झालेली आहे.

आता कायदा पाहा. जीएसटी कायद्याप्रमाणे हिशेबाची कागदपत्रे वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने जपावी लागतात. २०२२-२३ सालच्या विवरणपत्राची अंतिम तारीख ३१ डिसेंबर २०२३ होती. म्हणजे त्या सालचा हिशेब २०२९ च्या अखेरपर्यंत दाखवता आला पाहिजे. प्रायव्हेट लिमिटेड कंपनी असेल तर हिशेब आठ वर्षे ठेवावा लागतो. शिवाय ऑगस्ट २०२२ च्या दुरुस्तीनंतर संगणकावरील हिशेबाचा बॅकअप भारतातील सर्व्हरवर रोज घेणे कंपन्यांना बंधनकारक आहे. तीन वर्षांच्या अवजारावर सहा-आठ वर्षांची जबाबदारी टाकलेली आहे, हे यातून ध्यानात यावे.

धोका दुहेरी आहे

सप्टेंबर २०२४ मध्ये व्हीमने आपल्या बॅकअप सॉफ्टवेअरमधील गंभीर उणीव जाहीर केली आणि दुरुस्त आवृत्ती दिली. सपोर्ट संपलेल्या आवृत्त्या आम्ही तपासलेल्या नाहीत, पण त्याही धोक्यात आहेत असे धरून चाला, असेही कंपनीने बजावले. पुढच्याच महिन्यात, ही उणीव वापरून खंडणीखोर हल्ले होत असल्याचे सोफॉस या सुरक्षा कंपनीने कळवले. असे चोर आधी बॅकअपच नष्ट करतात, कारण बॅकअप शाबूत असेल तर खंडणी कोण देणार?

दुसरा धोका आपणच ओढवून घेतो. नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रॉडकॉमने व्हीएमवेअर विकत घेतली. एकदाच पैसे भरून कायमचा परवाना देण्याची पद्धत बंद झाली आणि वर्गणी सुरू झाली. खर्च वाढल्याने अनेकांनी दुसरी व्यवस्था शोधली. त्यात गैर काही नाही. परंतु एका कंपनीच्या सॉफ्टवेअरने बांधलेली प्रत दुसऱ्या कंपनीच्या सॉफ्टवेअरने सहसा उघडत नाही. जुने मोडीत काढण्यापूर्वी जुन्या प्रतींची सोय लावली नाही, तर डिस्क हातात असूनही हिशेब हाती लागत नाही.

काय करावे?

संगणकवाल्याकडून एका कागदावर तीन नावे लिहून घ्यावीत: सर्व्हरचे, व्हर्च्युअल मशीनचे आणि बॅकअपचे सॉफ्टवेअर. प्रत्येकापुढे आवृत्ती आणि सपोर्ट संपण्याची तारीख असावी. तिन्हींपैकी जी तारीख सर्वांत आधी येते, तीच आपली खरी मुदत. तिच्या सहा महिने आधी नव्या आवृत्तीचे दर मागवावेत.

दर तीन महिन्यांनी एक जुनी प्रत दुसऱ्या यंत्रावर चढवून त्यातील एखादे बिल काढून पाहावे. एक प्रत दुकानाबाहेर, वायर काढलेल्या डिस्कवर ठेवावी. आणि आर्थिक वर्ष संपले की खतावणी, विक्री-खरेदीची नोंदवही आणि बिले साध्या पीडीएफ व एक्सेलमध्ये वेगळी काढून ठेवावीत. त्या उघडण्यास कोणत्याही बॅकअप कंपनीची गरज लागत नाही.

लहान दुकानदाराकडे सर्व्हर नसेल, केवळ एकच संगणक असेल, तरी हाच नियम लागू आहे. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे. गिऱ्हाइकाची उधारी आणि कारागिराची मजुरी यांच्या नोंदी आपल्याकडे अमानत असतात. त्या मागणाऱ्याला वेळेवर दाखवता याव्यात, एवढी तजवीज प्रत्येकाने या तिमाहीतच करून घ्यावी.